शरीर स्वीकारत नाही की मन? वीगन आहाराच्या पहिल्या चार महिन्यांविषयी

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत पुन्हा मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक झाली असेल तर ती तुमच्या लगेच लक्षात येईल. तुमचे वय ३४ आहे, ठाण्यात सासू-सासरे, पती आणि मुलगा यांच्यासह राहता, नोकरी बैठी आहे. माहेरी आणि सासरी दोन्हीकडे शाकाहार, परंतु दूध, दही, ताक, तूप यांची रेलचेल. गावी एका गोठ्यात गाईपासून दूर बांधलेले वासरू हंबरताना पाहिले आणि साडेतीन महिन्यांपूर्वी तुम्ही दुधाचे सगळे पदार्थ एका दिवसात बंद केले. दुधाचा चहा नको म्हणून चहासुद्धा सोडला आणि पहिला आठवडाभर डोके दुखले. तेव्हापासून पोट फुगते, दुपारनंतर गळून गेल्यासारखे होते, रात्री तीनला जाग येते, मुलावर विनाकारण चिडचिड होते, वजन पाच किलोंनी उतरले आहे आणि गेल्या तीन आठवड्यांपासून केस गळत आहेत. सासूबाई म्हणतात, "तुझ्या अंगाला हे लागत नाही." ज्यांना पाहून तुम्ही हा आहार स्वीकारला ते म्हणतात, "सगळं मनावर असतं, मन घट्ट कर." आणि तुम्ही विचारता, "माझं मनच कच्चं आहे का?"

तुमचे मन कच्चे नाही. एवढा त्रास सोसून, घरात रोज त्याच विषयावर बोलणी ऐकून जी व्यक्ती साडेतीन महिने आपल्या निर्णयावर ठाम राहते, तिला मन घट्ट करायला सांगण्याची गरज नसते. मी एकोणीस वर्षे पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. वीगन होऊ पाहणारे, म्हणजे मांस-अंड्यांबरोबरच दूध-तूपही सोडू पाहणारे बरेच लोक माझ्याकडे "शरीर स्वीकारत नाही" किंवा "मन स्वीकारत नाही" या दोहोंपैकी एक निदान सोबत घेऊनच येतात, आणि दोन्ही निदाने बहुधा घरच्यांच्या किंवा मित्रांच्या तोंडची असतात. मनाचा आणि ताणाचा या बदलात वाटा आहे, तो खरा आहे, आणि तो कुठे व कसा असतो हे मी पुढे सांगणार आहे. मात्र ताणाचा सर्वांत मोठा उपद्रव मी पोटात झालेला पाहिलेला नाही. ताणामुळे माणूस आपली तक्रार लपवू लागतो, आणि लपवलेल्या तक्रारीची तपासणी होत नाही. तुम्हीच लिहिले आहे की "घरात 'थकले' म्हणायची सोय राहिली नाही, कारण लगेच दुधाचा पेला पुढे येतो." त्या वाक्याकडे मी परत येईन, कारण मला तुमच्या संपूर्ण प्रश्नात तेच सर्वांत महत्त्वाचे वाटले.

आधी ताटाविषयी बोलू. दोन वर्षांपूर्वी साधारण तुमच्याच वयाच्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या आणि त्यांच्या तक्रारींची यादी तुमच्या यादीशी जवळजवळ तंतोतंत जुळत होती. मी त्यांना म्हटले, आजचा डबा उघडून दाखवा. वरच्या कप्प्यात काकडीच्या चकत्या, मधल्यात मोड आलेले कच्चे मूग लिंबू पिळून, आणि खालच्यात ज्वारीची एक भाकरी व अगदी कमी तेलात केलेली कोबीची भाजी. सकाळी त्यांनी काळा चहा आणि दोन खाकरे घेतले होते, रात्री भाज्यांचे सूप आणि थोडा भात घेणार होत्या. आम्ही दोघींनी कागदावर बेरीज केली, तेव्हा दिवसभराचे जेमतेम हजार-अकराशे कॅलरींचे खाणे भरले. बैठे काम करणाऱ्या भारतीय स्त्रीसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये सांगितलेली दैनंदिन गरज १,६६० कॅलरी आहे. वीगन होण्याआधी चहा, दही आणि रात्रीचा पेला मिळून त्यांच्या पोटात रोज सुमारे अर्धा लिटर साईचे दूध जात असे, आणि वरण-भातावर दोन चमचे तूप. म्हणजे पाचशेच्या आसपास कॅलरी, पंधरा-सोळा ग्रॅम प्रथिने आणि पाच-सहाशे मिलिग्रॅम कॅल्शियम त्यांनी एका दिवसात ताटातून काढले आणि त्या जागी काकडी ठेवली. त्यांना हे आपण उपासमार करतो आहोत असे वाटलेच नव्हते, कारण पोट भाज्यांनी भरलेले होते.

अशा अपुऱ्या खाण्याचा मनावर काय परिणाम होतो याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने जवळजवळ अर्ध्या आहारावर सहा महिने ठेवले होते. हे तरुण तत्त्वासाठी युद्धात भाग घ्यायला नकार दिलेले, म्हणजे निश्चयाचे पक्के लोक होते. तरीही काही आठवड्यांतच ते चिडचिडे, उदास आणि एकलकोंडे झाले, सतत अन्नाचाच विचार करू लागले, काही जण तर पाककृतींची पुस्तके घेऊन बसू लागले. पुरेसे खायला मिळू लागल्यावर ते हळूहळू सावरले. तुमची चिडचिड, रात्री तीनची जाग आणि उतरलेले पाच किलो वजन मी एकत्र वाचते, तेव्हा माझा पहिला संशय अपुऱ्या ताटावर जातो. केसांचेही तसेच आहे. झपाट्याने वजन उतरले किंवा शरीरावर मोठा ताण आला, की साधारण दोन-तीन महिन्यांनी केस जास्त गळू लागतात. तुमची वेळ त्याच्याशी नेमकी जुळते, आणि खाणे सुधारल्यावर बहुतेकांचे हे गळणे थांबते.

दुसरा संशय जीवनसत्त्व बी-१२ चा. याविषयी मी प्रत्येक वीगन व्यक्तीला, तिला कंटाळा येईपर्यंत सांगते. वनस्पतिजन्य अन्नातून बी-१२ भरवशाने मिळत नाही. इडली, आंबील, मोड आलेली कडधान्ये किंवा स्पिरुलिना यांतून ते मिळते असे सांगणारे बरेच भेटतात. स्पिरुलिनातील बरेचसे द्रव्य तर बी-१२ सारखे दिसणारे, परंतु आपल्या शरीराला निरुपयोगी असते. बी-१२ कमी पडले की थकवा येतो, विसरायला होते, मन उदास होते, चिडचिड वाढते, हातापायांना मुंग्या येतात. ही यादी नीट पाहिलीत तर कळेल की यातल्या निम्म्या गोष्टींना घरात कोणीही "टेन्शन" म्हणेल. म्हणूनच रक्त तपासल्याशिवाय "मनाचा दोष" हे निदान मी कधीही मान्य करत नाही.

येथे सासूबाईंच्या म्हणण्याचेही उत्तर आहे. यकृतात बी-१२ चा साठा असतो आणि तो चांगला असेल तर काही वर्षे पुरतो. तेव्हा तुमच्या रक्तात आज कमतरता निघालीच, तर ती या साडेतीन महिन्यांत निर्माण झालेली असण्यापेक्षा आधीपासूनची असण्याचीच शक्यता अधिक. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळले होते, आणि आपल्याकडचे शाकाहारी लोक म्हणजे दूध-दही घेणारेच. दूध पिणाऱ्या घरात सगळ्यांचे बी-१२ उत्तम असते, हा समज त्या आकड्यांपुढे टिकत नाही. शक्य असेल तर सासूबाईंचीही तपासणी तुमच्याबरोबर करून घ्या. माझ्या ओळखीच्या दोन-तीन घरांत त्या एका गोष्टीने वादाचा सूरच बदलला.

आता पोट फुगण्याकडे येऊ, कारण शरीर आणि मन यांची गाठ येथे सर्वांत स्पष्ट दिसते. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या नावाच्या शर्करा असतात. त्या फोडणारे विकर (एन्झाइम) आपल्या लहान आतड्यात नसते, त्यामुळे त्या तशाच मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथील जीवाणू त्या आंबवून वायू तयार करतात. हे नैसर्गिक आहे. दुधाची जागा भरून काढायची म्हणून तुम्ही एकदम रोज दोन वेळा राजमा, छोले आणि कच्चे मोड खायला लागला असाल, तर जीवाणूंच्या वस्तीला जुळवून घ्यायला जो काही आठवड्यांचा अवधी लागतो तो तुम्ही त्यांना दिलेला नाही. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना कित्येक आठवडे रोज अर्धा कप शिजवलेली कडधान्ये दिली होती. राजम्यासारख्या घेवड्याच्या जातींनी पहिल्या आठवड्यात निम्म्यापेक्षा कमी लोकांना गॅस वाढल्याचे वाटले, आपल्या चवळीने केवळ १९ टक्के लोकांना, आणि पुढील आठवड्यांत ही तक्रार कमी होत गेली. मला त्यातील आणखी एक आकडा फार बोलका वाटतो: ज्यांच्या आहारात असे वायू करणारे काही घातलेलेच नव्हते, अशा लोकांपैकीही ३ ते ११ टक्क्यांना गॅस वाढल्याचे जाणवले. म्हणजे गॅस होणार या अपेक्षेने माणूस पोटाकडे लक्ष देऊन बसला, की एरवी न जाणवणारी हालचालही जाणवू लागते.

याचा अर्थ तुमचा गॅस काल्पनिक आहे असा कृपया घेऊ नका. आतड्यांच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशींचे स्वतंत्र जाळे आहे आणि त्याचा मेंदूशी दोन्ही दिशांनी सतत संवाद चालू असतो. माणूस धास्तावलेला असतो तेव्हा जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो, मोठ्या आतड्याची हालचाल मात्र वाढते, आणि आतड्याची संवेदनक्षमताही वाढते. तेवढ्याच वायूने एरवी काही वाटत नाही आणि ताणाखाली कळ येते. "जेवताना वाद नको" असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत, त्यामागे हेच निरीक्षण असावे. तुम्ही रोज रात्री ज्या टेबलावर जेवता, तेथेच तुमच्या आहाराची चर्चा होते, असे तुम्ही लिहिले आहे. तोच राजमा शनिवारी एकटीने जेवताना तेवढा त्रास देतो का, हे आठवून पाहा. बँकेतल्या त्या बाईंना मी हीच नोंद ठेवायला सांगितली होती, आणि त्यांच्या वहीत सर्वाधिक त्रासाची जेवणे पदार्थांनुसार विभागता आली नाहीत, ती कोणाबरोबर आणि किती घाईत झाली यानुसार विभागता आली.

अपेक्षेचा प्रभाव भुकेवरही पडतो. येल विद्यापीठात आलिया क्रम आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ४६ जणांना एकच ३८० कॅलरींचे मिल्कशेक दोन वेगवेगळ्या वेळी दिले. एकदा ते ६२० कॅलरींचे, चंगळीचे म्हणून आणि एकदा १४० कॅलरींचे, पथ्याचे म्हणून. चंगळीचे समजून प्यायल्यावर भूक चेतवणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाची पातळी बरीच जास्त उतरली. पथ्याचे समजून प्यायल्यावर ती फारशी हललीच नाही. अभ्यास लहान आहे, त्यावर मी मोठी इमारत उभारणार नाही. परंतु माझ्या खोलीत रोज दिसणाऱ्या एका गोष्टीशी तो जुळतो: जी व्यक्ती प्रत्येक ताटाकडे "यात तूप नाही, यात दही नाही" अशा नजरेने पाहते, ती पोटभर जेवूनही अतृप्त उठते. पिठलं-भाकरी आणि ठेचा, मटकीची उसळ, कुळथाचे पिठले, काळ्या वाटाण्याची आमटी, भरली वांगी, सोलकढी, तिळाची, जवसाची आणि कारळ्याची चटणी, शेंगदाण्याच्या तेलातली साबुदाण्याची खिचडी, हे सारे आपल्या आज्यांनी केलेले अन्न मुळातच दुधाशिवायचे आहे. त्यावर कोणी "वीगन" अशी चिठ्ठी लावलेली नव्हती म्हणून ते आपल्याला त्या नावाने दिसत नाही. तुम्ही परदेशी दिसणाऱ्या सॅलडऐवजी या ताटापासून सुरुवात केली असती, तर त्यागाची भावना निम्म्याने कमी झाली असती असे मला प्रामाणिकपणे वाटते.

चहाबद्दल थोडे. चहा अचानक सोडला की कॅफीन तुटल्यामुळे साधारण बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते, दुसऱ्या दिवशी जोर धरते आणि आठवडाभरही राहू शकते. तुमची पहिल्या आठवड्यातली डोकेदुखी बहुधा ती होती. दुधाशी तिचा संबंध नव्हता, परंतु "हा आहार मला सोसत नाही" ही शंका त्याच आठवड्यात रुजली आणि पुढची प्रत्येक बारीकसारीक कुरकुर त्या शंकेचा पुरावा ठरत गेली. त्या दिवसांत कोणी तुम्हाला "विषारी द्रव्ये बाहेर पडत आहेत" असे सांगितले असेल, तर तेही तितकेच निराधार आहे आणि जास्त धोक्याचे आहे, कारण त्या समजुतीने माणूस खरी लक्षणे महिनोन्महिने शुभ मानत बसतो. चहा हवा असेल तर खुशाल सुरू करा. सोयाचे दूध उकळत्या कोऱ्या चहात ओतले की फाटते; ते वेगळे कोमट करून, चहा गॅसवरून उतरवून मिनिटभराने मिसळा. फक्त जेवणाला लागून चहा घेऊ नका, कारण तो अन्नातील लोह शोषू देत नाही. चारच्या चहाला कार्यालयातल्या मैत्रिणींबरोबर उभे राहणे ही गोष्ट तुम्ही दुधाबरोबर गमावली होती, आणि तिची उणीव लहान नसते.

यापुढचा मुद्दा मानसिकतेचा, आणि तो आपल्या संस्कारांतून आलेला आहे. आपल्याला आहारातील संयम उपवासाच्या रूपात शिकवला जातो. उपवास पाळला जातो किंवा मोडतो. मधली अवस्था नसते. ही चौकट एका दिवसाच्या एकादशीला शोभते, परंतु आयुष्यभराच्या जेवणावर बसवली तर माणूस कायम परीक्षेत बसल्यासारखा राहतो. लग्नाच्या पंगतीत वरणावर नकळत तूप पडले, की "मोडलंच आहे तर" म्हणून त्याच दिवशी श्रीखंडापर्यंत मजल जाते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची घृणा वाटते. आहारावर कडक नियंत्रण ठेवणाऱ्या लोकांत नियम एकदा मोडल्यावर ते उलट जास्त खातात, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून प्रयोगांत दाखवले आहे. म्हणून मी सांगते की हे व्रत समजू नका, भाषा शिकण्यासारखे समजा. भाषा शिकताना चुकीचे वाक्य तोंडून गेले म्हणून भाषा मोडत नाही. पुढचे वाक्य बरोबर बोलायचे असते. तुमच्या निर्णयामागे करुणा आहे आणि ती खरी आहे. एका चमचाभर तुपाने त्या वासराविषयीची तुमची कळकळ खोटी ठरत नाही.

याच्या जोडीला, नेहमी अडचणीत आणणारे प्रसंग आधीच ठरवून टाकणे फार उपयोगी पडते. सत्यनारायणाच्या पूजेत पंचामृत हातावर आले तर काय करायचे, हे त्या क्षणी ठरवायला लागले की ताण येतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काही जण तीर्थ म्हणून थेंबभर घेतात, काही जण नमस्कार करून शेजारच्याला देतात. दोन्हींचा मी आदर करते, कारण तो त्यांचा नैतिक निर्णय आहे, माझा नाही. मी एवढेच पाहते की तो निर्णय आदल्या दिवशी घेतलेला असावा.

आता त्या वाक्याकडे. "थकले म्हणायची सोय राहिली नाही." वीगन झालेल्या माणसावर एक अदृश्य जबाबदारी येते, की आपण ठणठणीत दिसलेच पाहिजे, कारण आपण थकलो तर आपला विचार हरला. मग तो थकवा लपवतो, वजन सांगत नाही, डॉक्टरांकडे जात नाही, आणि गेलाच तर आहाराबद्दल बोलत नाही, कारण "आधी दूध सुरू करा" हे ऐकायचे नसते. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले, शाकाहार किंवा वीगन आहार सोडून दिलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी तो पहिल्या तीन महिन्यांतच सोडला होता आणि निम्म्याहून अधिक लोकांनी वर्षाच्या आत. मला स्वतःला जे लोक सोडताना दिसले, त्यांच्यातले बरेचसे शेवटच्या दिवसापर्यंत "मी मस्त आहे" असेच सांगत होते. तुमचा विचार आणि तुमचे हिमोग्लोबिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची चौकशी केल्याने पहिलीला कमीपणा येत नाही. घरात शक्य असेल तर एकदाच, शांत वेळी, जेवणाच्या टेबलापासून दूर, सासूबाईंना सांगा: "आई, मला थकवा आहे, मी तपासणी करून घेते आहे, जे कमी असेल ते औषधाने भरून काढेन. दूध मात्र मी घेणार नाही." त्यांचा विरोध दुधापेक्षा तुमच्या उतरलेल्या चेहऱ्याला असण्याची शक्यता मी जास्त मानते, त्या पिढीतल्या बायकांनी माया दुधा-तुपातूनच व्यक्त केली आहे. त्यांना एखादे काम देता आले तर पाहा. फोडणी तेलाची करून तूप वरून वाढायचे, आणि तुमची वाटी त्याआधी बाजूला काढायची, एवढ्याने बहुतेक घरांचा स्वयंपाक एकच राहतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला येथून दिसत नाहीत. थायरॉईडचा विकार असेल, आधीपासून आतड्यांच्या अतिसंवेदनशीलतेचा त्रास असेल, मधुमेहावरचे मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तावरच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असतील (या दोन्हींमुळे बी-१२ कमी होऊ शकते), किंवा गर्भधारणेचा विचार असेल, तर माझा सल्ला बदलेल. आणखी एक बाब नाजूक आहे, पण विचारलीच पाहिजे. वजन कमी करण्याची धडपड किंवा खाण्याविषयीचे अपराधीपण तुमच्या आयुष्यात या निर्णयाच्या आधीपासून होते का? असेल, तर वीगन आहाराचे नियम त्या जुन्या दुखण्याला आडोसा देऊ शकतात, आणि तशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांची मदत आहारतज्ज्ञाच्या मदतीइतकीच आवश्यक असते. हे कमकुवतपणाचे लक्षण नाही.

तपासणीत संपूर्ण रक्ततपासणी, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि टीएसएच (थायरॉईडसाठी) एवढे करून घ्या, आणि शक्यतो बी-१२ ची गोळी सुरू करण्याआधी रक्त द्या. केवळ हिमोग्लोबिन ठीक आले म्हणून थांबू नका. पालेभाज्या-कडधान्यांतून फोलिक आम्ल भरपूर मिळत असेल तर रक्त चांगले दिसूनही बी-१२ अभावी मज्जातंतूंची हानी चालू राहू शकते. कमतरता निघाली तर मात्रा डॉक्टर ठरवतील. ती नसेल तरीही वीगन व्यक्तीने रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्याला एकदा २,००० मायक्रोग्रॅम बी-१२ कायम घ्यावे. हातापायांना मुंग्या येत असतील किंवा चालताना तोल जातो असे वाटत असेल, तर माझ्या उत्तराची किंवा कोणाच्याही संमतीची वाट न पाहता याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

अहवाल येईपर्यंत ताटात भर घाला. राजमा-छोले तीन आठवडे बाजूला ठेवा. मूगडाळ, मसूर आणि चवळी यांवर राहा, भिजवलेले पाणी फेकून द्या, मोड कच्चे न खाता शिजवून खा, हिंग-ओवा वापरा. सकाळी नाचणीची भाकरी किंवा सत्त्व (१०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते), दोन्ही जेवणांत दोन-दोन चमचे शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी, दुपारी मूठभर दाणे-गूळ, आठवड्यातून तीन-चार वेळा टोफू किंवा सोयाबीन, भाजीत पूर्वीसारखे तेल आणि वर लिंबू. पहिला घास घेण्याआधी ताट समोर ठेवून दहा संथ श्वास घ्या आणि निदान एक जेवण रोज फोनशिवाय, वीस मिनिटे बसून करा. साधा उपाय आहे, त्याने फुगारा नाहीसा होणार नाही, पण माझ्याकडच्या बहुतेकांना दोन आठवड्यांत फरक जाणवतो. वजन पंधरा दिवसांनी एकदाच पाहा.

बँकेतल्या त्या बाईंचे बी-१२ बरेच कमी निघाले होते. इंजेक्शने, मग गोळ्या आणि रोज पाचशे कॅलरींची भर, यानंतर त्यांचा थकवा सहा-सात आठवड्यांत हटला; झोप सुधारायला त्याहून जास्त दिवस लागले, आणि सासरची कुरबुर अजूनही सणावारांना होते असे त्या सांगतात. तुमच्या बाबतीत नेमके काय निघेल हे अहवालच सांगतील. ते आले की आकड्यांसकट येथेच कळवा, आणि सोबत दोन कामाच्या दिवसांचे व एका रविवारचे जेवण लिहा: काय, किती चमचे, किती वाजता, कोणाबरोबर आणि जेवल्यावर पोटाला कसे वाटले. ते वाचून मी पुढचे सांगेन.